काहीही न शिकणाऱ्यांचा गट

आदरणीय व्याही सागिनबेक यांना आटबाशीहून शेइशेनअलीचा सलाम. उजवा हात छातीवर ठेवला आहे आणि मान नेहमीपेक्षा जरा जास्तच लववली आहे. त्याचं कारण पुढे येईल. तुमची तब्येत कशी आहे? विहीणबाईंचे गुडघे काय म्हणतात? तांबडी घोडी व्याली का? घेवड्याची पेरणी आटोपली असेल. इकडे माणसं, मेंढ्या आणि एकुलती एक गाय अशी सगळी मंडळी खुशाल आहेत. तुमची लेक, म्हणजे आमची सून जाझगुल, हीसुद्धा खुशाल आहे. म्हणजे मागच्या आठवड्यात नव्हती, आता आहे, आणि मधल्या दिवसांत तिची तीन वर्षांची मेहनत आणि पदवी पाण्यात जायची वेळ आली होती ती माझ्यामुळे, म्हणजे आमच्या घरामुळे, म्हणजे खरं तर तुमच्या विहीणबाईंमुळे, आमच्या बुरुल्चामुळे. तेच सविस्तर सांगायला हे पत्र लिहितोय. फोन केला असता, पण आमच्या घरात फोन लागतो तो एकाच खिडकीपाशी, आणि त्या खिडकीपाशी बुरुल्चा बसलेली असते. म्हणून पत्र, तुमच्या बाजूला निघालेल्या गाडीवाल्याच्या हाती. (सोबत वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी आहे. त्याने वाटेत किती खाल्ले ते मोजायला सोपं जावं म्हणून सांगतो, साठ होते.)

तुमची लेक कशावर संशोधन करते हे तुम्हाला ठाऊक असेलच, निदान 'काहीतरी डोक्याचं आहे' इतपत तरी. तिचा प्रश्न असा की साठी उलटलेल्या माणसाने एखादी नवी विद्या शिकायला घेतली, तर त्याची स्मरणशक्ती आणि रक्तदाब सुधारतो का. त्यासाठी तिने आमच्या गावातले तीस म्हातारे-म्हाताऱ्या निवडले, ज्यांनी जन्मात कधी कोमुझ हातात धरला नव्हता. (आपल्या लोकांत तीन तारा न छेडता आलेली तीस माणसं एकाच गावात सापडावीत, ही खरं म्हणजे शरमेची गोष्ट, पण ती म्हणाली की शास्त्राला शरम लागत नाही, आकडे लागतात.) निम्म्यांनी सहा महिने आठवड्यातून तीनदा शाळेच्या खोलीत जाऊन कोमुझ शिकायचा, निम्म्यांनी नेहमीप्रमाणे राहायचं. शेवटी दोन्ही गटांची तपासणी करून फरक बघायचा. मी एकतीस वर्षं जनावरांचा डॉक्टर होतो, त्यामुळे हे दोन गटांचं प्रकरण मला नवं नाही. डाव्या कुंपणातल्या मेंढ्यांना औषध द्यायचं, उजव्या कुंपणातल्यांना द्यायचं नाही, आणि वसंतात दोघींची लोकर तोलायची. फक्त एक आहे, डावीकडची मेंढी कधी कुंपणावरून मान घालून उजवीकडच्या मेंढीला औषध चाटवत नाही. माणसाचं तसं नसतं, आणि आमच्या गावच्या माणसाचं तर मुळीच नसतं.

उन्हाळी कुरणांवरून सगळे खाली उतरल्यावर, ऑक्टोबरात, गट पडले. जाझगुल गट संगणकाने पाडणार होती, पण म्हाताऱ्यांचा त्यावर विश्वास बसेना, म्हणून शेवटी माझ्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. बुरुल्चाला आली 'शिकणारे', मला आली 'नेहमीप्रमाणे'. शेजारचा काचकिनबाय, जो पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा आणि आता नुसता त्याच्या गोष्टी सांगतो, तोही माझ्याच गटात. तुमच्या लेकीने आम्हा पंधराजणांना समोर बसवून फार गोड आवाजात सांगितलं, "तुम्ही फक्त एकच करायचं. नवीन काही करायचं नाही." काचकिनबाय म्हणाला, "पोरी, जन्मभर हेच करत आलो, पण कुणी कागदावर सही घेऊन सांगितलं नव्हतं." सगळे हसले आणि आम्ही सह्या केल्या. माझी सही सगळ्यात मोठी होती, हे आज आठवलं की कान गरम होतात.

आता तुम्हीच विचार करा. आपल्याकडे माणूस मेजवानीला जातो तेव्हा येताना घरी राहिलेल्यांचा वाटा रुमालात बांधून आणतो. असा केशिक आणला नाही तर घरचे तोंडावर काही बोलत नाहीत, पण चहा कोमट देतात. बुरुल्चाला तर रिकाम्या हाताने उंबरा ओलांडताच येत नाही. दवाखान्यात सुई टोचून घ्यायला गेली तरी येताना कापसाचा बोळा आणते. तर पहिल्या दिवशी वर्गात चहासुद्धा दिला नव्हता (चहाने आकडे बिघडतात म्हणे), मग तिने आणायचं काय? तिने धून आणली. चार सुरांचीच होती, मेंढरांना हाकारतात तशी, पण आणली. घरात येऊन कोमुझ माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "अहो, इकडे या, हे बोट इथे धरा." मी काय करणार? केशिक कुणी परत करतं का? तिसऱ्या आठवड्यात काचकिनबाय हातोडी मागायला आला, तेव्हा आमची तालीम चालू होती. त्याला नुसती हातोडी देऊन पाठवणं बरं दिसेना. त्याने ती धून आपल्या मेहुण्याला दिली, मेहुण्याने पलीकडच्या गल्लीत दिली, आणि तिकडच्या शिकणाऱ्या बायकांनीही आपापल्या घरी असेच रुमाल सोडले असणार, कारण जानेवारी संपेपर्यंत 'नेहमीप्रमाणे' गटातले पंधराच्या पंधरा जण तारा छेडत होते.

वाद्यं पुरेनात. काचकिनबायने जुन्या खोगिराच्या लाकडाचा एक कोमुझ केला आणि मासे पकडायच्या दोऱ्याच्या तारा लावल्या. त्याचा आवाज ऐकून माझी गाय दोन दिवस दूध चोरत होती. (ते डॉक्टर म्हणून सांगतोय, चेष्टा नाही.) तालमीला जागा माझा मेंढ्यांचा गोठा, कारण तिथून रस्त्यावर आवाज जात नाही. जाझगुल महिन्याच्या अखेरीला बिश्केकहून यायची. त्या दिवशी आम्ही पंधराजण दुकानाच्या भिंतीला पाठ लावून उन्हात रिकामे बसायचो, आणि इतके मन लावून रिकामे बसायचो की गावच्या पोलिसाने एकदा थांबून विचारलं, काही झालंय का म्हणून. ती पोर मात्र आमच्याकडे कौतुकाने बघून जायची. तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या सह्यांचं ते प्रकरण आठवलं होतं, पण समोर काचकिनबाय डोळे मिचकावत होता, त्यामुळे ते विसरलो.

एप्रिलमध्ये शहरातून दोन तरुण डॉक्टर तपासणीला आले. कोण शिकला आणि कोण नाही हे त्यांना मुद्दामच सांगितलेलं नव्हतं. बारा शब्द ऐकून परत सांगायचे, घड्याळ काढायचं, शंभरातून सात सात वजा करत खाली यायचं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायचा, आणि एक चिमटा बोटाला लावून नाडी मोजायची. गोची या चिमट्याने केली. तो पोरगा एकेकाचा डावा हात धरायचा आणि थांबायचा. "सगळ्यांच्या बोटांची टोकं अशी घट्ट का झालीत?" काचकिनबायने आभाळाकडे बघत सांगितलं, "दूध काढून काढून." पोराने ते लिहून घेतलं. (काचकिनबायकडे गेली सहा वर्षं गाय नाही. मांजर आहे.)

आकडे आले. शिकणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी नऊने उतरला, बारापैकी लक्षात राहिलेले शब्द अडीचने वाढले. आणि आमचा, न शिकणाऱ्यांचा? नऊने उतरला, अडीचने वाढले. जाझगुल दोन दिवस आमच्या बैठकीच्या खोलीत संगणकासमोर बसून होती. बुरुल्चाने तळलेल्या बोरसोकांचा ढीग बाजूला तसाच. मी जनावरांचा डॉक्टर असल्यामुळे खाणं सुटलेलं मला लांबूनही कळतं. तिच्या प्राध्यापकांनी फोनवर सांगितलं होतं म्हणे की, आता सरळ लिहून टाक, कोमुझ शिकल्याने काहीही फरक पडत नाही, भिंतीला टेकून बसलं तरी तेवढाच फायदा होतो. व्याही, ही गोष्ट छापली गेली असती. शाळेतला वर्ग बंद झाला असता, आणि तुमच्या लेकीच्या नावावर एक धडधडीत खोटं कायमचं चिकटलं असतं, जे तिने सांगितलेलंच नाही, आम्ही तिच्याकडून वदवून घेतलंय. खरं सांगावं तर तिचं वर्ष बुडतं. गप्प बसावं तर असं. मी दोन दिवस मेंढ्यांना उगाच तपासत फिरलो.

शेवटी गेल्या आठवड्यात सकाळच्या चहाला सांगून टाकलं. आधी खोगिराचं लाकूड, मग मेंढ्यांचा गोठा, मग केशिक, असं उलटं उलटं सांगत गेलो, त्यामुळे तिला बराच वेळ वाटलं की मी गाईच्या आजाराबद्दल बोलतोय. समजल्यावर तिने पेला खाली ठेवला आणि आत गेली. मी बुरुल्चाकडे बघितलं, तिने छताकडे बघितलं. मग जाझगुल वही घेऊन बाहेर आली, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला कोणी शिकवलं?"

"तुझ्या सासूने," मी म्हणालो.

बुरुल्चाची किटली जराशी थांबली. "हो, मीच," ती म्हणाली. "मला सवयच आहे वाटायची." आणि तिने माझा पेला भरला.

त्यानंतर चार दिवस तुमची लेक घरोघर हिंडली. कोणी कुणाला शिकवलं, कोणत्या महिन्यात, किती वेळ, सगळं चौकटी आणि बाण काढून लिहिलं. काचकिनबायने पहिल्यांदा कानावर हात ठेवले, मग खोगिराचा कोमुझ काढून तीन धुना वाजवून दाखवल्या. त्या तक्त्यातून जे निघालं ते तिलाही अपेक्षित नव्हतं. तीस जणांत सगळ्यात जास्त सुधारणा कुणाची, तर नुसतं शिकून गप्प बसलेल्यांची नाही. शिकून लगेच दुसऱ्याला शिकवलं त्यांची. प्राध्यापक फोनवर एवढंच म्हणाले, "हे आधी लिही." ती पोर त्या दिवशी अकरा बोरसोक खाऊन उठली. मी मोजले.

आता विनंती. प्राध्यापकांचं म्हणणं की ताडून बघायला काहीही न शिकणारा खराखुरा गट हवाच, आणि तो आमच्यापासून इतका लांब हवा की मध्ये दोन-तीन तरी घाट असतील. जाझगुलने तुमच्या तालासचं नाव काढलं. मी म्हणालो, माझ्या व्याह्यांपेक्षा योग्य माणूस अख्ख्या देशात मिळायचा नाही. लग्नाच्या बोलणीपासून त्यांना ओळखतो, तेव्हापासून एकही नवी गोष्ट शिकल्याचं आठवत नाही. तर कृपा करून तुमच्यासारखेच आणखी चौदा जमवा आणि ऑक्टोबरपर्यंत शांत बसा. विहीणबाईंना आणि मुलाबाळांना आमचा नमस्कार. तुमच्या दारातली घोडी आणि ताटातलं मांस कधी कमी न होवो.

तुमचा, मान लववलेलाच,
शेइशेनअली

ता. क. सोबतच्या साठ गोळ्यांपैकी दोन मी चव बघायला घेतले होते, तेव्हा गाडीवाल्याशी भांडू नका.

ता. क. पुन्हा. बुरुल्चा पुढच्या महिन्यात तुमच्याकडे यायचं म्हणते. ती आली तर मांस घ्या, बोरसोक घ्या, पण तिच्या पिशवीतून काही लांबट आणि लाकडी बाहेर येऊ लागलं तर तुम्ही घेवड्याला पाणी द्यायला निघून जा.

ता. क. शेवटचा. हे वर लिहिणार नव्हतो. बुरुल्चाने पहिल्या दिवशी मला काहीही आणलं नव्हतं. ती वर्गातून आली, भिंतीपाशी बसली आणि मांडीवर कोमुझ घेऊन तशीच राहिली, कारण शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेत ते चार सूर तिच्या डोक्यातून पुसले गेले होते. गेल्या वर्षभरात असं बरंच होत होतं, धाकट्या भावाचं नावसुद्धा एकदा अडलं होतं तिचं, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. मी म्हणालो, "माझा केशिक कुठंय? एवढा वेळ बसून आलीस आणि माझ्यासाठी काहीच नाही?" ती चिडली. चिडून चार सुरांतला पहिला आठवला, मग माझं बोट धरून ओढताना दुसरा. पुढच्या वर्गापासून ती माझ्यासाठी लक्षात ठेवू लागली. सहा महिने मी दर वर्गाच्या संध्याकाळी तिच्याकडे वाटा मागितला. नियम मला पहिल्या दिवसापासून पाठ होता, सही माझीच मोठी होती. सुनेसमोर सासऱ्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तक्ता सोमवारी बिश्केकला जायचा आहे आणि त्यात पहिल्या चौकटीत, जिथून सगळं बिघडलं तिथे, बुरुल्चाचं एकटीचं नाव आहे. जाझगुल दर रविवारी तुम्हाला फोन करते. तिला सांगा, त्या चौकटीच्या आधी अजून एक चौकट काढायची आहे, आणि बाण माझ्याकडून निघतो.