डोळ्यातला ठिपका

सोमवार, ३ नोव्हेंबर
आले एकदाची संभाजीनगरात! वैजापूरपासून ड्रॉइंगबोर्ड मांडीवर धरून बसले होते, पाय पार आखडले. औरंगपुऱ्यात एका मेडिकलच्या वर राजेंद्र सरांची चित्रशाळा आहे. लोक आधार कार्डावरचा फोटो आणतात, सर त्यावरून पेन्सिल-कोळशात हातभर मोठं चित्र करून, काचेच्या फ्रेममध्ये बसवून देतात. बरीचशी गेलेल्या माणसांचीच. इथं एक नियम आहे. बुबुळातला उजेडाचा ठिपका म्हणजे कोरा सोडलेला कागद. जिवंत माणसाचा तो राखायचा, गेलेल्याचा शेवटी कोळशानं झाकायचा. नाहीतर माणूस घराकडं बघत राहतं, म्हणे. मला हसू आलं, पण दाबलं. महिनाअखेर सर दोघींपैकी एकीलाच कायम ठेवणार आहेत. दुसरी हर्सूलची विशाखा. अगदीच साधी दिसते. जागा माझीच.

सोमवार, १० नोव्हेंबर
विशाखा कागदाला नाक लावून बसते. पैठणच्या एका आजीचं चित्र तिनं केलं, तर न्यायला आलेल्या लेकीनं गालाच्या सुरकुत्यांवरून हात फिरवला आणि तिथंच रडू लागली. माझं चित्र न्यायला आलेल्यांनी विचारलं, हे कोण?

मंगळवार, १८ नोव्हेंबर
सरांनी परीक्षा म्हणून एकमेकींचं चित्र काढायला लावलं. तिनं माझ्या हनुवटीवरचा भाजल्याचा डागसुद्धा काढला. तो मी रोज पावडरखाली लपवते, हिला दिसला कसा? माझी विशाखा मात्र कुणाचीही मावसबहीण वाटते. सर तिच्या चित्रापुढून हलेनात. शनिवारी पुन्हा बघतो म्हणाले. इथं खोटं कशाला लिहू, माझ्या पोटात दुखतंय. मला तिचा हात हवा आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
दुपारी ती डबा धुवायला खाली गेली. मी कोळसा घेतला आणि तिच्या चित्रातले दोन्ही ठिपके झाकले. वरून फिक्सर फवारला, म्हणजे खोडरबरानं निघायला नको. सरांना वाटेल, बाईसाहेब नियमच विसरल्या. पाच मिनिटांचं काम. आज छान भूक लागली.

शनिवार, २२ नोव्हेंबर
सर चित्रापुढं मटकन बसले. कुणी केलं विचारलं. मी नाही म्हटलं. मग सर माझ्याकडं वळले.
"पोरी, चित्र कुणाचं हाय, ते तरी बघायचं व्हतं."
माझ्या डोक्यात ते विशाखाचं चित्र होतं. त्यावर तोंड माझं आहे, हे मी विसरलेच होते.

सोमवार, २४ नोव्हेंबर
डाव्या डोळ्यापुढं काळी टिकली. चोळली तर मोठी झाली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात काही दोष नाही. आरशात बघितलं. समोर बल्ब पेटलेला, पण बुबुळात त्याची चमक नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर
आता उजवाही. विशाखाला सगळं सांगितलं. ती चिडली नाही, त्याचाच मला राग आला. खोडरबर, ब्लेड, सगळं करून बघितलं तिनं. चित्रावरचा कोळसा निघत नाही. मग म्हणाली, नव्यानं काढते तुला, ठिपका राखून.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
सकाळपासून तिच्यापुढं बसले. डोळ्यांपाशी तिचा हात थांबला. हनुवटी धरून मला खिडकीकडं वळवलं.
"सृष्टे, ठिपका दिसतच नाय गं. नसलेलं कसं काढू?"
खोटा काढ म्हटलं. पाया पडले. तिचा हात खोटं काढत नाही. म्हणूनच तर मी —

शुक्रवार, २८
अंदाजानं लिहितेय. ओळीवर ओळ जात असेल —
चित्र पूर्ण झालं म्हणे, ठिपक्यांशिवायच. काचेच्या फ्रेममध्येही बसवलं. सर म्हणाले, जागा विशाखाचीच. ती रडतेय. का? जिंकली ना —
उदबत्तीचा वास. कुणासाठी? मी विचारलं. दोनदा विचारलं. कुणी उत्तर —
किती चांगलं काढलंय, तेवढंच बघायचंय. माझ्यापेक्षा किती — बघता येत नाही तर हातानं —
पुढं हात केला. काच लागली.
मी काचेच्या या बाजू