देठ वाळलेला भोपळा

धाकटे, आशीर्वाद मागाहून देते, आधी हे सांग, भोपळ्यात पाणी घालायला तुला कुणी सांगितलं? हिरव्या देठाचा कच्चा भोपळा आणतेस आणि मलाच लिहितेस, आई तोंडाला लावत नाही म्हणून! देठ वाळलेला बघ. सालीत नख रुतता कामा नये. फोडणीत मेथ्या लाल होऊ देत, मग झाकण ठेव, भोपळा आपल्याच वाफेवर शिजतो.

इथं खानावळीत तीन जातींचे भोपळे येतात. लांब मानेचा गोड, पट्ट्यांचा चिवट, चपटा अगदी पाणचट. तिन्ही रांधून साठ माणसांना वाढते, बोटं चाटतात मेले. आणि माझी आई उपाशी. मालकाकडे रजा मागितली तर म्हणतो, "गेलीस तर परत येऊ नकोस." काय करू, भिंतीवर डोकं आपटू?

आईला आता डोळ्यांनी दिसत नाहीच. ताट पुढे ठेव आणि सांग, थोरली आलीय, तिनंच केलाय. कुठाय म्हणाली तर सांग, भांडी घासतेय. हाक मारली तर सांग, घसा बसलाय. पाप लागलं तर मला लागू दे.

तुझा गुडघा कसा आहे?

किती घास गेले ते गुरुवारच्या आत कळव. दोनच गेले तरी लिही.

तुझी थोरली