आबांना बसवलं

३ नोव्हेंबर, सोमवार

कंबर एकशे सहा! टेप दोनदा लावून पाहिली. एकशे सहाच.

गावभर हिंडून सगळ्यांचे बीपी-साखरेचे फॉर्म भरले आणि घरातला माणूस शेवटी ठेवला. गावची आशाताई मी, आणि माझ्याच सासऱ्याचा फॉर्म राहिला तर मुरबाडच्या मीटिंगला मॅडम मलाच धरतील. म्हणून आज आबांना ओट्यावर खुर्चीतच गाठलं. उठा म्हटलं तर दोन्ही हात टेकून, मोठ्ठा हुश्श करून उठले. वय चौसष्ट!

प्रश्न विचारला — आठवड्यातून दीडशे मिनिटं तरी चालणं, कष्टाचं काम होतं का?

आबा हसले. "जल्मभर चाललूय मी. ती मिनटं धर ना गो त्यात."

म्हटलं, मागचं धरत नाहीत.

सगळे मिळून सात गुण झाले. चारच्या वर गेले की डॉक्टरकडे पाठवायचं असतं. बोटाला सुई टोचून साखर पाहिली — दोनशे ऐंशी, तीही सकाळी उपाशीपोटी. आणि हाच माणूस तीन वर्षांपूर्वी डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून पळायचा! मी लग्न होऊन टोकावड्यात आले तेव्हा शेतावर जाताना त्यांच्या मागे मला धाप लागायची.

दोन वर्षांपूर्वी आदेश कंपनीत परमनंट झाला. (तोंडावर 'अहो', पण वहीत तरी नाव घेते नवऱ्याचं.) त्याच महिन्यात त्याने शेत शेजारच्या दामूला अर्धेलीने दिलं, प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि बापाला बसवलं. इकडे असंच असतं. पोरगा कमावता झाला की बाप बसतो. जितका लवकर बसेल तितकं पोराचं नाव. "देवरामच्या पोरानं बापाला बसवला हो!" — दामूची बायको असं सांगत सुटते की वाटावं आदेशने विमान घेतलं.

बसवला खरा. आता उठवायचा कुणी?

७ नोव्हेंबर

ओट्यावरून संडास. संडासावरून ओटा. दिवसाची चाल संपली.

११ नोव्हेंबर

आबांना जीपने मुरबाडला नेलं. डॉक्टर तरुण आहे, पण तोंडाचा फटकळ. मला आवडला. म्हणाला, "गोळ्या मी देतो, चालायचं तुम्ही. पायाचा स्नायू वापरला नाही तर झिजतो. तो झिजला की साखर जिरायला जागा राहत नाही. मग रक्तवाहिन्या खराब होतात. हृदय, मेंदू, किडनी — आधी काय जाईल ते मी सांगू शकत नाही. रोज अर्धा तास चाला."

आबांनी मान हलवली. येताना जीपमध्ये मला विचारलं, "चालायचं म्हंजे कुठं?"

"रस्त्यानं."

"रस्त्यानं कुठं?"

"कुठं नाही आबा. नुसतं. जायचं आणि यायचं."

माझं डोकं फिरलंय की काय अशा नजरेनं बघायला लागले. "नुसतं येडं चालतं गो. माणूस कामाला चालतो."

आणि खरं सांगू? हा माणूस गुरांमागे, लाकडांमागे, भाताच्या आवणीला, बाजाराला जन्मभर चालला. पण नुसता एक पाऊलही कधी चालला नसेल. आता काम करायचं तर पोराची लाज जाते, आणि काम नसताना चालायचं तर स्वतःची. मधे उरली खुर्ची.

१३ नोव्हेंबर

आज गेले बरं का! माझ्या कटकटीला कंटाळून का होईना, गेले. पुलापर्यंत आणि परत. वीस मिनिटं.

आले ते बिस्किटाचा पुडा घेऊन. डायबेटिसच्या माणसाला बिस्किटं कशाला म्हणून मी तोंड सोडलं. तर खाली मान घालून म्हणतात, "टपरीवर चार जनांनी इचारलं, देवराम कुठं रं, कोन गेलं काय? मोकल्या हातानं माणूस मयतीलाच जातो. मग काय सांगू? दुकानात चाललूय म्हटलं."

हसू आलं मला, आणि रडूही.

१४ नोव्हेंबर

नाही गेले.

१५ नोव्हेंबर

नाही. "गुडघा दुखतो." काल दुखत नव्हता तो!

२२ नोव्हेंबर

मला एक युक्ती सुचली. अजून मीच मला शाबासकी देतेय.

ठाकरपाड्यावरची गुणाबाई भाजी घेऊन येते. सत्तरी कधीच उलटली असेल, पण डोक्यावर पाटी घेऊन चार किलोमीटर येते नि जाते, वर मलाच विचारते, "पोरी, दमलीस का गो?" तिच्याकडे एक तांबडी शेळी होती विकायला. घेतली! माझ्या मानधनातून घेतली, आदेशला विचारलं नाही. आबांना म्हटलं, "मला फिल्डवर जायचं असतं, हिला कोण बघणार? उपाशी मरेल बिचारी."

संध्याकाळी बघते तर आबा कोयता घासत बसलेले.

९ डिसेंबर

साखर एकशे साठ! एकशे साठ!! मशीन बिघडलं समजून दुसऱ्या बोटाला टोचलं. आबा ओरडले, "अगो मारतेस काय मला!"

सकाळी आठला शेळी घेऊन ओढ्याच्या कडेनं वर माळापर्यंत जातात. बोरीचा पाला काढतात, बसतात, परत खाली. दोन तास तरी होतात. आता कुणी विचारत नाही कुठं चाललास म्हणून — शेळी दिसते ना! पायावरची सूज उतरली. खुर्चीतून हात न टेकता उठतात. काल जेवताना त्यांनी स्वतःहून गोष्ट काढली, तरुणपणी नाणेघाट चढून एका दिवसात जुन्नर गाठल्याची. सासूबाई गेल्यापासून तीन वर्षांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

खूप बरं वाटलं. बास, आज एवढंच लिहायचं होतं.

१४ डिसेंबर, रविवार

शेळी गेली.

काल कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी आदेशला टोचलं — "काय रे, पगार पुरत नाय का? बाप रोडला शेळी राखतोय तुझा." घरी आला तो ताट सरकवून दिलं. आणि आज सुट्टी, तर सकाळी उठून गिऱ्हाईक घेऊनच आला.

मी भांडले. चांगली भांडले. शेजारी ऐकू जाईल एवढी. "तुमच्या अब्रूपायी बाप मारणार आहात का? डॉक्टरचा कागद वाचा!" 

तेव्हा तो जे बोलला ते लिहून ठेवते, नाहीतर माझाच राग उरेल वहीत. म्हणाला, "मी सात वर्षांचा होतो तेव्हा बाबांच्या पायाच्या भेगांत आई मेण भरायची. चिखलात सडलेले पाय होते ते. तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस ह्यांना बसवीन. मला त्यांना बसलेलं बघू दे ना गो!" डोळे भरले होते त्याचे.

आबा म्हणाले, "पोरगा बोलतो ते बरोबर हाय. त्याला समाजात वावरायचंय." आणि जाऊन बसले.

पण आदेशचं चुकतंय. शंभरदा चुकतंय.

२९ डिसेंबर

अंगणवाडीत बायकांची मीटिंग घेतली. बसून राहण्याचे तोटे. बीपी, साखर, हार्ट, लकवा, सगळं चित्र दाखवून सांगितलं. रोज तीस मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चालायचं. बायका हसल्या. दामूची बायको म्हणाली, "अनिता, हे तुझ्या सासऱ्याला सांगितलंस का?"

तोंडावर मारल्यासारखं झालं. पुढचं चित्र उलटं धरलं मी.

४ जानेवारी

पाय परत सुजले. साखर दोनशे चाळीस. बीपीही वर. मोबाइलवर कीर्तन लावून देतो आदेश, ते संपलं की दुसरं आपोआप लागतं. त्यासाठीसुद्धा हात हलवावा लागत नाही!

आदेशला म्हटलं, बघा. तो म्हणाला, गोळी वाढवून आणू.

१२ जानेवारी

"उठवत नाय गो." एवढंच म्हणाले. जेवणाचं ताट खुर्चीवर दिलं.

१९ जानेवारी

सकाळी सव्वासात. चहा द्यायला गेले तर कप त्यांच्या हातातून गळाला. मी ओरडणार होते, पण तोंड बघितलं. उजवीकडून खाली आलेलं. "आबा हात वर करा" म्हटलं, डावा आला, उजवा नाही. शिकवलंय आम्हाला हे सगळं. शिकून काय!

दामूने जीप थांबवली. मुरबाडला पोचेपर्यंत बोलणं गेलेलं. तिथून ॲम्ब्युलन्सने पुढं कल्याणला.

२३ जानेवारी

जिवंत आहेत.

मेंदूत गुठळी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती दिवस बसून आहेत?" आदेशने सांगितलं, "दोन वर्षं." कधी काळी हेच उत्तर त्याने छाती फुगवून दिलं असतं. बाईंनी लिहून घेतलं नुसतं.

२ फेब्रुवारी

घरी आणलं. खाट मधल्या खोलीत. उजवा हात, उजवा पाय — काही नाही. बोलणंही नाही, नुसता "आ... आ..." असा आवाज. समजतं मात्र सगळं. डोळे फिरतात माझ्यामागे.

व्यायाम करून घेणारा मुलगा आठवड्यातून दोनदा येणार. त्याने दाखवलं, टाच तळहातात घ्यायची, गुडघा दुमडायचा, सरळ करायचा. वीसदा, दिवसातून तीन वेळा. नाहीतर सांधे धरतात. आदेशने विचारलं, "चालतील ना?" मुलगा म्हणाला, "आधी चालते असते तर पायात ताकद तरी असती. मांडीत काही राहिलेलंच नाही, दादा. बघू."

कामावर जायच्या आधी आदेश रोज बापाचा पाय हलवतो. मोठ्याने मोजतो. बारा-तेरापर्यंत पोचला की आवाज फाटतो त्याचा.

११ फेब्रुवारी

आज आदेश सगळ्यांदेखत रडला. दामू बघायला आला होता, त्याच्यासमोर कपाळ बडवून घेतलं. "मी बसवला रे बाबांना! मी शेळी विकली! माझ्या हातानं केलं!"

मी पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. "असू दे, आता रडून काय" म्हटलं. दामू जाताना मला म्हणाला, "तू तरी किती सांगत होतीस, वहिनी. तुझं ऐकलं असतं तर..."

मी गप्प राहिले.

१२ फेब्रुवारी

एकोणीस डिसेंबरचं लिहायचं राहिलंय. राहिलं नाही, मीच लिहिलं नाही. 

त्या सकाळी मी फॉर्मची पिशवी घेऊन निघाले तर आबा चपला घालून ओट्याखाली उभे. म्हणाले, "अनिता, मी येतो गो तुझ्यासंगं. एकट्याला लाज वाटते. दोघं असलो की कोन इचारनार नाय." रोज जाऊ म्हणाले. आदेशला कळू द्यायचं नाही म्हणाले.

आणि मी म्हटलं, "सून-सासरे असे मोकळे फिरताना दिसलो तर लोक काय म्हणतील, आबा? तुम्ही बसा."

त्यांनी चपला काढल्या. परत कधी विचारलं नाही.

आदेशला हे माहीत नाही. आबा सांगू शकत नाहीत.