नऊ वेळा पळालेली पणजी

४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून वाचनालयात चार दिवस धूळ खाल्ली आणि डोकं पार भंजाळलं. आजोबांच्या डब्यातलं कात्रण ज्या साप्ताहिकातलं, त्याचे गठ्ठे मिळाले. पणजोबांची नोटीस आहे : पत्नी न सांगता घर सोडून गेली, तिला कोणी थारा देऊ नये. पुढच्याच अंकात त्यांचा खुलासा, की ती तिसऱ्या दिवशी परत आली. मिटलं म्हणावं, तर दोन महिन्यांनी पुन्हा तीच नोटीस! तीन वर्षांत नऊ वेळा. परतल्याचा खुलासा मात्र एकदाच. मग न येताच ती पुन्हा पुन्हा गेली कशी? आजोबांच्या जन्मानंतर चौथ्या दिवशीचीही नोटीस आहे. डब्यातलं कात्रण तेच.

तुला काही उमगलं तर कळव. लोभ आहेच, या धुळीत तो मळू देऊ नकोस.

तुझी बडबडी

११ जून

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, माझाही गुंता वाढला. ते कात्रण माझ्या वडिलांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, दहाव्या वर्षी एका शेजाऱ्याने दाखवलं. चार दिवसांच्या मला टाकून गेली, हे त्यांच्या मनात बसलं ते बसलंच. आजी सांगायची, तेव्हा मी कुठेही गेले नव्हते. वडील म्हणायचे, मग छापलंय ते खोटं का? तिला शेवटपर्यंत सांभाळलं, पण आई म्हणून हाक मारली नाही. फोटोही ट्रंकेत उपडा ठेवला. आम्हा मुलांनाही ती पळपुटीच वाटायची. दर शनिवारी सकाळी हातचं काम टाकून बाहेरच्या पायरीवर बसायची, दुपारपर्यंत हलायची नाही. आम्ही म्हणायचो, आज आजीचा एक पाय घराबाहेर आहे.

मी आता अठ्ठ्याहत्तरची. तिने माझ्या बापाला टाकलं होतं का, एवढं मला कळू दे. आणि जेवणाची आबाळ करू नकोस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

तुझी आत्या

२० जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वाचनालयात पुस्तकं बांधणाऱ्या म्हाताऱ्या काकांना माझी दया आली. तरुणपणी ते छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. नऊही नोटिसा शेजारी शेजारी ठेवल्या तर हसायलाच लागले. प्रत्येकीत त्याच ओळीतलं तेच अक्षर मोडकं! म्हणजे नोटीस दिली एकदाच. जुळवलेले खिळे छापखान्याने तसेच बांधून ठेवले आणि रकान्यात जागा उरली की तेच बसवले. शनिवारी सकाळी अंक घरोघर जायचा, त्यामुळे शुक्रवारी हाताला लागेल ते भरायचे. आम्हीही भरायचो, म्हणाले, वाचतंय कोण!

पणजी गेली ती एकदाच, आजोबांच्या जन्माच्या वर्षभर आधी. का गेली, हे मात्र कुठल्याच अंकात नाही. माझा तो गोंधळ तसाच आहे.

तुझी बडबडी

२७ जून

चि. बडबडीस आशीर्वाद.

शनिवारी सकाळी अंक यायचा, हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. मी तिथेच अडकले. ती पायरीवर पळायला बसत नव्हती गं. गल्लीने अंक उघडायच्या आत आपल्याला घरी पाहावं, म्हणून बसायची. नोटिसा थांबल्या तरी बसायची सवय सुटली नाही, आणि आम्ही हसायचो. फार लाज वाटली, खूप रडले. वडिलांना हे आता कोण सांगणार?

फोटो ट्रंकेतून काढला. दारासमोरच्या भिंतीवर लावलाय. दार उघडं असलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला ती घरात दिसते.

येशील तेव्हा शनिवारीच ये. माया आहेच.

तुझी आत्या