डोहावर न सुटलेला तीर

बा, आम्ही लातूरला राहायला आलो. लातूर आता जिल्हा झालाय, आणि तुझ्या जावयाला नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली. साहेब नवे, टेबलं नवी, पाट्या नव्या. पावसानं मात्र यंदाही जुनीच खोड दाखवली. टँकर आला की मी हंडे घेऊन धावते आणि माय खाटेवरून विचारते, "घावलं का पाणी?" ती आता माझ्याकडेच असते. परवा शेजारणीनं वाटीभर मटण पाठवलं. तिच्या नवऱ्यानं कुणाच्या तरी जीपमधून जाऊन माळावर काळवीट मारलं होतं. माय खाता खाता थांबली, तोंडातून शिशाचा छर्रा काढला, मांडीचा तुकडा बोटांनी उलटून पाहिला आणि छर्रा माझ्या तळहातावर ठेवला. "पळत्याला मागून मारलंय," म्हणाली. मग सगळी वाटी चाटूनपुसून खाल्ली. तेव्हापासून तू माझ्या डोक्यातून जात नाहीस.

इस्लापूरकडच्या आपल्या रानात तिरकमठा घराघरात होता, पण तुझ्याएवढा नखरेवाला शिकारी दुसरा नव्हता. लोक हसायचे, "ह्यो जनावराला इचारून तीर सोडतो." पाचोळ्यावरचं रक्त मला तुझ्याआधी दिसायचं म्हणून तू मला सोबत न्यायचास. जनावर जवळ आलं पाहिजे, आडवं उभं राहिलं पाहिजे, त्याचा पुढचा पाय पुढे पडला पाहिजे, तेव्हा कुठं पायामागच्या बरगड्यांत तुला जागा दिसायची. तोंड आपल्याकडे असेल तर नाही, पळत असेल तर नाही. आणि तीर लागल्यावर धावायचं नाही. तू खाली बसायचास आणि निवांत तंबाखू मळायचास. "मागं लागलं की ते भ्यानं पळतच राहतंय," तू सांगायचास. "आपण बसलो तर ते बी बसतंय, आन् बसल्या जागी जातंय." मला त्याचा फार गर्व होता. माझा बाप कुणाला तडफडवत नाही, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

मग तो दुष्काळ आला. नदीत नुसते दगड उरले. एका डोहात तेवढं हिरवट पाणी होतं आणि रानातलं जे काही जिवंत होतं ते तिथंच यायचं. मायला नुकतंच बाळ झालं होतं, मुलगा. तिच्या पोटात अन्न नाही, म्हणून अंगावर दूध नाही. भावाचं रडणंसुद्धा हळूहळू कमी व्हायला लागलं होतं, आणि त्या गप्प होण्याचीच मला भीती वाटायची.

त्या सकाळी आपण खडकाआड बसलोय. चितळाची मादी येते, आपल्याकडे तोंड करून उभी राहते आणि पाणी पिते. तुझी दोरी ओढलेली आहे, आणि तू ती वळायची वाट बघतोयस. ती वळत नाही. पिऊन झाल्यावर कान टवकारते, गर्रकन फिरते आणि झुडपात नाहीशी होते. तू दोरी हळूच सैल करतोस.

"बा, मारायचं व्हतं की," मी म्हणाले.

"जागा न्हवती, पोरी. तीर छातीच्या हाडावर अडला असता, न्हाई तर पोटात घुसला असता. तशीच घेऊन पळाली असती आन् कुठंतरी तडफडत पडली असती."

घरी तू मायलाही हेच सांगितलंस. तिचा आवाज चढला नाही. "तिची तडफड दिसली तुला," ती म्हणाली. "ह्याची दिसंना व्हय?" भाऊ त्याच आठवड्यात गेला. नाव ठेवायचंही राहून गेलं होतं.

त्याला पुरून आल्यावर तू तडक तिरकमठा उचललास. मी मागून आले, तू अडवलं नाहीस. तोच डोह, पुन्हा एक मादी, पुन्हा तोंड आपल्याकडे. ह्या वेळी तू तीर सोडलास. ती पळाली, आणि तू बसला नाहीस, तंबाखू काढली नाहीस, तिच्यामागं धावत सुटलास. तू मला दुसऱ्याच कुणाचा तरी बाप वाटलास. पाचोळ्यावरचं रक्त काळपट होतं, त्यात अर्धवट पचलेला चारा होता. तीर पोटात गेलाय हे मला कळलं, तुलाही कळलंच असणार. तू धावत होतास म्हणून ती धावत होती. नदीच्या दगडांत माग हरवला. दुसऱ्या दिवशी घोंघावणाऱ्या माशांनी ती दाखवली. पोट फुगलं होतं, मांस खाण्याजोगं राहिलं नव्हतं. कास मात्र दुधानं तटतटलेली होती. तू तिथंच उकिडवा बसलास आणि म्हणालास, "आपलं बी गेलं, आता हिचं बी जाईल."

तिरकमठा आढ्याला टांगलास तो कायमचा. मग दुष्काळी कामावर खडी फोडलीस, त्या धुळीचा खोकला घेऊन अंथरुणाला खिळलास. शेवटी शेवटी एकदा मला जवळ बोलावून विचारलंस, "मी चुकलो का, पोरी?" मी "न्हाई, बा" म्हणाले. तीर न सोडल्याच्या की सोडल्याच्या, कोणत्या दिवसाचं विचारतोस, हे मी विचारलं नाही. तू डोळे मिटलेस, आणि मला वाटलं, चला, माझ्या बोलण्यानं ह्याला थोडी झोप तरी लागली.

मायनं ते मागून मारलेलं मटण शेवटच्या घासापर्यंत खाल्लं, तेव्हापासून माझं ते उत्तर मला टोचतंय. हे पत्र मी चुलीतच घालणार आहे, म्हणून लिहिते. उत्तर "व्हय, चुकलास" होतं, बा. दोन्ही दिवसांचं. दुसऱ्या दिवसाचं तर तुझं तुलाच ठाऊक होतं. पहिल्या दिवशी तीर सोडला असतास तरी ती आपल्या हाताला लागली नसती, हेही मला कळतं. तू मला तेवढं शिकवलं होतंस. पण तू धावलास तो भाऊ गेल्यावर. तो होता तेव्हा एकदा तरी असं धावायला हवं होतंस.