पुडीतल्या पांढऱ्या गोळ्या

१३ एप्रिल २०२१
नाक गेलं! दामिनीनं मिरचीची फोडणी दिली, सारं घर खोकलं, मला वासच नाही. ही माझी बायको, गावची आशा सेविका. गावभर बोटांना चिमटा लावून ऑक्सिजन मोजत फिरते, आज माझ्या बोटाला लावला. सत्त्याण्णव. "तापाची गोळी घ्या जी, पाणी प्या. दुसरं काहीच नाई!" बरं बाई.

१४ एप्रिल
कोहमाऱ्याच्या ढाब्यावरचा योगराज कुंपणावरून पुडी फेकून गेला. स्टेरॉइडच्या गोळ्या, पांढऱ्या, बारक्या. "मी दोन दिवसांत उठून बसलो! वहिनीले सांगू नको." सांगतो कशाला? पुडी माझ्या गाईडच्या टोपीत लपवली. नागझिऱ्यात पर्यटकांना वाघ दाखवणारा माणूस मी, बायकोपासून एक पुडी लपवता येत नाही होय!

१५ एप्रिल
पहिली गोळी घेतली. काल बारकी दिसली होती, आज चांगली मोठी लागली. चव खडूसारखी. घसा सुजलाय, जीभ मेलीय — मला काय कळणार!

१८ एप्रिल
ताप उतरला! योगराजनं ढाबा सोडून दवाखानाच टाकावा. दामिनी माझ्याकडे बघून पदराआड हसत होती. काऊन हसून राहिली, विचारलं. "काही नाई जी."

२१ एप्रिल
चिमट्यात अठ्ठ्याऐंशी. गोंदियाला नेऊन राहिले.

२३ एप्रिल
नाकात ऑक्सिजन. सुशिलाबाई सिस्टरनं गोळी दिली — स्टेरॉइड! मनात म्हटलं, वा रे योगराज.

तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. म्हणाल्या, "विषाणू आता कमी झालाय. पण तुमच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी थांबायला तयार नाहीत, फुप्फुस भाजून काढतायत. त्यांना आवरायला ही गोळी. हीच पहिल्या दिवसांत घेतली तर पेशी झोपतात, विषाणू मोकाट सुटतो."

मला लगेच कळलं. जाळरेषा! वणवा पुढे सरकू नये म्हणून उन्हाळ्याआधी आम्ही पट्टा मुद्दाम जाळतो. वारा फिरला की आमचीच आग जंगलात शिरते.

"घरी घेतली होती का?"

"नाई."

धडधडीत खोटं!

२४ एप्रिल
राहवलं नाही. मॅडमला सांगून टाकलं. "किती दिवस?" सहा. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसतं लिहून घेतलं. "पुढचे दोन-तीन दिवस जपायचे."

मला मरायचं नाही. लेकीची, टीनाची दहावी आहे पुढच्या वर्षी. आणि मेलो तर तो योगराज तेराव्याला येऊन माझ्याच घरी जेवेल!

२७ एप्रिल
चौऱ्याण्णव! मॅडम कागद उलटेपालटे करून बघतात. "सुरुवातीला सहा दिवस घेऊन एवढी लवकर सुधारणा? नवलच आहे." वाघवाल्याचं शरीर आहे मॅडम, म्हटलं. सिस्टर हसल्या.

२८ एप्रिल
दामिनीला फोनवर सारं कबूल केलं. ती आधी हसली, मग रडायलाच लागली. "टोपी झटकली तवाच पुडी पडली जी. ती मी चुलीत घातली, टोपीत दुसरी ठेवली. तुमी सहा दिवस चोरून खाल्ल्या, त्या माझ्या गरोदर बायांच्या कॅल्शियमच्या गोळ्या होत्या!"