तिने कोणाचे ऐकले नाही

नागभीड,
५ मार्च २०२५

प्रिय गोकुळामावशी,

तुला माझा जयभीम. तू वाचता वाचता रामराम म्हणशीलच, तो मी इथूनच घेतला.

आम्ही सगळे बरे आहोत. शाळेत परीक्षांची गडबड आहे. राजदीपची बदली आरमोरीला झाली, त्यामुळे घरात मी आणि टीव्ही. तुझे गुडघे कसे आहेत? तेल संपलं असेल तर सांग. धनराज होळीला तेलंगणातून लेकीला भेटायला येणार आहे का? पिंकीच्या गणिताकडे लक्ष दे म्हणत नाही, पण रोज तिला पुस्तक घेऊन बसव. तू शेजारी बसलीस की ती बसते.

तुला वाटेल, या पोरीने फोन का नाही केला. फोनवर मी गोड बोलून वेळ मारून नेते, हे तू लहानपणापासून बघत आली आहेस. म्हणून पत्र. आणि तुला आजवर कोणी पत्र लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तरी दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं. आता तसं नाही, म्हणून मोठ्या अक्षरात, ओळी सोडून लिहिते आहे. एका बैठकीत वाचू नको. चष्मा लाव. पिंकी हे पत्र मागेल, तिला देऊ नको. का, ते पुढे येईल.

सिंदेवाहीचा ग्रंथमेळा छान झाला असं सगळे म्हणतात. पेपरात तुझा फोटो आला आहे, शाल घेतानाचा. मी तुझ्या मागे उभी आहे आणि हसते आहे. तो फोटो मी कापून ठेवला नाही.

आमच्या स्थानिक लेखकांच्या रांगेची गंमत तू पाहिलीसच. माझ्या खुर्चीवर ‘नवोदित लेखिका’ अशी पाटी होती. केस पांढरे होत आले तरी मी नवोदितच. शेजारी गुणवंतराव. निवृत्त झाल्यापासून कविता करतात आणि पुस्तकांचं खोकं सोबतच घेऊन फिरतात. त्यांनी चहावाल्यालाही सही करून एक प्रत दिली. चहावाल्याने त्या प्रतीवर किटली ठेवली. गुणवंतरावांनी ते पाहिलं आणि त्याला दुसरी प्रत दिली. इतकं मोठं मन माझं नाही.

तुम्ही साक्षरता वर्गातल्या बाया टेम्पोतून उतरलात तेव्हा मी धावत आले. तू कमळाच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होतीस. प्रत्येक स्टॉलवर थांबून सांगत होतीस, “हे आमच्या गावची पोरगी हाये, बुक लिवते.” मी तुझा हात धरून मिरवत होते आणि आतून मला घाम फुटला होता.

आता मुद्द्यावर येते. आणखी चार गमती सांगून पत्र संपवायची इच्छा होते आहे, म्हणूनच येते.

मागच्या वर्षी प्रफुलने आम्हा लेखकांना विचारलं. त्याच्या साक्षरता वर्गांसाठी छोटी पुस्तकं हवी होती. मोठी अक्षरं, लहान वाक्यं, आपल्याच भागातला विषय. मी ‘रुखमा एकटी गेली’ लिहिलं. एक बाई पहाटे अंधारात मोहाची फुलं वेचायला एकटी जाते आणि वाघ तिला धरतो. वाचणाऱ्या बायांनी शहाणं व्हावं, उजाडल्याशिवाय जाऊ नये, घोळक्याने जावं, एवढंच सांगायचं होतं. बाईचं नाव रुखमा ठेवलं आणि मनाची समजूत घातली की ही कमळा नाही.

कमळा आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. तिच्या डब्यातली सुकी मासोळी खाऊन मी मोठी झाले. रुखमा कोण, हे मला माहीत नसेल तर कोणाला?

मेळ्यात ठरलं होतं की प्रत्येक लेखकाचं पुस्तक वर्गातल्या एकीने स्टेजवर वाचायचं. प्रफुलने तुला गुणवंतरावांची तळ्यावरची कविता दिली होती. ते त्याला मीच सुचवलं होतं. म्हटलं, मावशीचं घर मासेमारीचं, तिला तळ्याचंच द्या. तू ती कविता बाजूला ठेवलीस, टेबलावरून माझं पुस्तक उचललंस आणि म्हणालीस, “दुसऱ्याचं काऊन वाचू? मी आपल्या पोरीचं वाचतो.”

तू वाचायला लागलीस. शब्दाखाली बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून. रुखमा पहाटे उठली. टाळ्या. तिने टोपली घेतली. टाळ्या. जंगलात वाघ होता. बायका म्हणाल्या, उजाडू दे. पुढे कोणती ओळ आहे ते मला माहीत होतं, तुला नाही. तू इतकी सावकाश वाचत होतीस की तेवढ्यात मी उठून पाणी पिऊन परत आले असते. “पुरे मावशी, छान वाचलंस,” एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण समोर पाहुणे होते, कॅमेरा होता, आणि माझं पुस्तक वाचलं जात होतं. मी चेहरा हसरा ठेवून बसून राहिले.

“तिने कोणाचे,” एवढं वाचून तू थांबलीस.

लोकांना वाटलं, आजी अडखळली. पुढच्या रांगेत कोणाच्या तरी हातात पुस्तक होतं, तो म्हणाला, “ऐ, आजी, ऐ.” मग मागून आवाज आला, मग अख्खा मांडव तुला मदत करायला लागला. “ऐकले नाही. ऐकले नाही.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण सगळ्या मेळ्याने एका सुरात तुला सांगितलं की तुझ्या लेकीने कोणाचं ऐकलं नाही. पिंकी तिसऱ्या रांगेत मैत्रिणींबरोबर बसली होती. तीही ओरडत होती.

तू लोकांकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. “काऊन वो रश्मी, हे कोनाचं लिवलं?” माईकवरून ते सगळ्यांनी ऐकलं. मग तू म्हणालीस, “असं नाई झालं. थांबा, मी सांगतो.”

आणि मी उठले. तुझ्या खांद्यावर हात ठेवला, तुझ्या हातातून माईक काढून घेतला आणि म्हणाले, “मावशींना भरून आलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्या चारचौघांत वाचत आहेत.” किती टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी डोळे पुसले. तुझ्या अंगावर शाल घातली आणि तुला खाली नेऊन बसवलं. परत जाताना टेम्पोत तू माझ्याकडे पाठ करून बसली होतीस.

तेव्हापासून मी स्वतःला सांगते आहे की मी तुला वाचवलं. कारण तू काय सांगणार होतीस ते मला माहीत होतं. कमळाला वाघाने नेलं त्याचा तिसरा दिवस होता. घरामागे जाळी वाळत घातली होती, तिथे तू मला घेऊन गेलीस आणि म्हणालीस, “उजाडू दे म्हने कमळा. मीच धाडलो तिले. आपलं झाड दुसरं कोनी येचून नेईल म्हनलो.” तू हे आणखी कोणाला सांगितलं नव्हतंस. मीही सांगितलं नाही. नवरा असून राजदीपलाही नाही.

पुस्तक लिहिताना प्रश्न आला की ही बाई एकटी का गेली. काही तरी कारण द्यायला हवं. खरं कारण लिहिलं तर गावात तुझ्याकडे बोट दाखवतील, धनराज पिंकीला तुझ्याकडे ठेवणार नाही, हे सगळं मनात आलं. ते खोटं नव्हतं. पण ते सगळं मी मनाशी मागाहून नीट मांडलं, हेही खरं. त्या वेळी मला एक लहान, सोपं वाक्य हवं होतं, आणि दोष कोणावर तरी टाकायचा होता. मेलेल्या बाईवर टाकला. ती भांडायला येणार नव्हती. आणि तुला वाचता येत नव्हतं.

वरचं शेवटचं वाक्य लिहून मी बराच वेळ उठून गेले होते.

मी तुला पुस्तकाची प्रत दिली नाही. तू दोनदा मागितलीस, मी म्हणाले, विसरले गं मावशी. विसरले नव्हते. गावात येताना एकही प्रत पिशवीत नाही ना, हे बघून निघायची.

अजून एक आहे, ते लिहिलं नाही तर हे पत्र फाडून टाकलेलं बरं. प्रफुलने मला सांगितलं की गोकुळाआजी वर्गात आल्या. पहिल्या दिवशी उठून जायच्या बेतात होत्या, पण फळ्यावर क कमळाचा निघाला आणि त्या खाली बसल्या. मी म्हणाले, वा, किती छान. पण मनात पहिलं काय आलं सांगू? ही वाचायला शिकली नाही तर बरं. मी मास्तरीण, मी साक्षरतेसाठी पुस्तक लिहिणारी, आणि माझ्या जिवाभावाच्या माणसासाठी मी हे मागितलं. पुढे प्रत्येक वेळी प्रफुल भेटला की मी विचारायची, मावशी कुठवर आली. त्याला वाटायचं, मला केवढी काळजी.

मेळ्यातल्या जेवणाच्या पंगतीत पिंकी माझ्याजवळ बसली होती. तिने विचारलं, “मावशी, माझी आई खरंच ऐकत नव्हती काय?” तिलाही रुखमा कोण ते कळतं. मी म्हणाले, खा आधी. ती खाली मान घालून भात खात राहिली. तेव्हापासून मला झोप नाही.

आता पुस्तक पुन्हा छापतात आणि जिल्ह्यातल्या सगळ्या वर्गांना देणार आहेत. प्रफुल म्हणतो, काही बदलायचं असेल तर लवकर कळवा. मी ती ओळ कितीदा तरी बदलून पाहिली. रुखमाला उशीर झाला होता, असं लिहिलं. खोटं. तिला कोणी अडवले नाही, असं लिहिलं. ते अर्धं खोटं, म्हणजे जास्तच वाईट. खरी ओळ मला येते, पण ती माझी नाही. तू म्हणशील तर हे पुस्तकच छापू नका म्हणून कळवते. तू म्हणशील तर गावात येऊन सगळ्यांसमोर सांगते की मी खोटं लिहिलं. तू काहीच म्हणाली नाहीस तर तेही मला कळेल.

मोहाला कळ्या धरल्या असतील. अंधारात जाऊ नको मावशी.

तुझ्या पाया पडते असं लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

रश्मी



सोमार

रश्मीले,

तुझा जयभीम भेटला. रामराम.

चिठ्ठी वाचलो. रोज थोडी थोडी वाचलो. कोनाले वाचाले देल्लो नाई. हे पत्र बी मीच लिवतो. चुकलं तं चुकू दे.

तू माईक घेतली ते मले आवडलं नाई. मी बोलत होतो. गुडघे दुखतात पर तोंड चालते माझं.

तू म्हनते मले वाचवाले लिवलं. माझी लाज झाकाची होती तं पोतं टाकून झाकाची. कमळाच्या आंगावर काऊन टाकली? तू तिच्या डब्यातलं खाल्ली. मले लई राग आहे. हे पत्र लिवून झालं तरी राग आहेच.

पिंकीले मी सांगतलो. मोह पडाले लागला. उजाडल्यावर सगळ्या बाया संगं गेलो होतो. येचता येचता सांगतलो का तुझी माय नाई म्हनत होती, मीच धाडलो. पिंकी टोपली उचलून दुसऱ्या झाडाखाली गेली. घरी बी मले आजी म्हनली नाई. काल हे लिवाले बसलो तं चष्मा आनून देल्ली. तोंड तिकडंच होतं. पर आनून देल्ली. धनराज होळीले येते. त्याले बी मीच सांगीन. मंग जे होईल ते होईल.

पुस्तक छापा. बाया अंधारात जातात अजून. रुखमा नोको लिवू. कमळा लिव. ओळ मी पुस्तकाच्या भाषेत लिवून देतो. तशीच छाप. पुढच्या मेळ्यात मीच वाचीन, आन माईक माझ्याच हातात राहू दे.

कमळा म्हणाली, उजाडू दे.
आई म्हणाली, आत्ताच जा.
तिने आईचे ऐकले.

कमळाची माय
गोकुळा